डाव्या गार्डची जागा

कोच हॅनिगन दारात आले तेव्हा जनेल कुचेरा स्वयंपाकघराच्या मधोमध उभी राहून आपण इथे कशाला आलो ते आठवत होती. हल्ली असं फार व्हायचं. खोलीत शिरायचं आणि नुसतं उभं राहायचं. दार वाजलं त्याचं तिला बरंच वाटलं, निदान चालायला एक दिशा मिळाली.

कोच टोपी हातात घेऊन आले होते. ते टोपी काढतात ती दोनच वेळा, राष्ट्रगीताला आणि मयताला. तिने कॉफी विचारली, ते नको म्हणाले, तिने तरी ओतली.

"जनेल, पोरांनी एक ठरवलंय," ते म्हणाले. "पण तुम्ही हो म्हटलंत तरच."

"काय ठरवलंय?"

"पहिल्या मॅचला आपली जी पहिली चाल असेल ना, तिला कोल्टरची जागा रिकामी ठेवायची. अकराऐवजी दहाच पोरं उभी राहतील. बॉल उचलायचाच नाही. चाल सुरू करायला जेवढी वेळ मिळते ती संपेपर्यंत तसंच उभं राहायचं. मग पंच वेळ काढल्याचा दंड देतील, आणि समोरचे म्हणतील, आम्हाला तो दंड नको. त्यांच्या कोचशी बोललोय मी. त्यानंतर खेळ सुरू."

"बरं," जनेल म्हणाली. "चांगलं आहे."

पडद्यांचा रंग पसंत करावा तशा आवाजात ती हे म्हणाली. तो आवाज तिला स्वतःलाही ऐकू आला. कोचांचे डोळे भरून आले. तिचे आले नाहीत. तिने त्यांच्यापुढे कागदी रुमालांचा खोका सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसली.

गाडी निघून गेल्यावर तिने त्यांचा न प्यायलेला कप सिंकमध्ये ओतला, आणि तेव्हा तिच्या मनात आलं, कोल्टरची जागा म्हणजे नेमकी कुठली?

हे ऐकून वेल्बीतला कुणीही कपाळावर हात मारून घेईल. नेब्रास्कातल्या या गावात पाण्याच्या टाकीवर गावाचं नाव बारीक अक्षरांत आहे आणि शाळेच्या संघाचं ठळक. शुक्रवारी संध्याकाळी मॅच असते, तेव्हा इथे कुणी लग्न ठरवत नाही, आणि अगदी मरायला टेकलेली माणसंसुद्धा शनिवारपर्यंत कळ काढतात. त्यात जनेल सून कुणाची? एमिल कुचेराची, ज्याने उभी हयात शाळेच्या पोरांना पुढच्या ओळीत उभं राहायला शिकवण्यात घालवली. त्या घरात जेवताना फुटबॉल, तोही हातात बॉल धरून एकमेकांवर आदळायचा अमेरिकन, आणि जेवण झाल्यावर पुन्हा फुटबॉल. लग्न होऊन आल्यापासून ते सगळं तिच्या कानावरून वाऱ्यासारखं जात होतं, आणि इथल्या वाऱ्याकडे लक्ष देत बसलं तर माणसाला दुसरं काही सुचायचं नाही. गार्ड, टॅकल, सेंटर हे शब्द तिला पाठ होते. ते मैदानावर कुठे उभे राहतात हे मात्र तिला सांगता आलं नसतं.

कोल्टर खेळायला लागला तेव्हा तरी शिकायचं. पण तेव्हापासून तर तिने डोळेच मिटायला सुरुवात केली. बॉल उचलला जायची वेळ आली की ती डोळे गच्च मिटून घ्यायची. पोरं एकमेकांवर आदळल्याचा आवाज व्हायचा, शिट्टी वाजायची, मग ती डोळे उघडायची आणि ढिगाऱ्यातून चौसष्ट नंबर उठताना दिसला की श्वास सोडायची. चार वर्षं तिने आपल्या मुलाला फक्त उठताना पाहिलं. मॅच संपली की तो घामाघूम होऊन यायचा, "आई, बघितलंस ना मगाशी?" म्हणून विचारायचा, आणि ती म्हणायची, "बघितलं की! काय मस्त!"

मान मोडेल, गुडघा जाईल, डोक्याला मार बसेल, अशा सगळ्या भीत्या तिने चार वर्षं जपून सांभाळल्या. त्यातलं काहीही झालं नाही. जुलैत मका माणसाच्या डोक्यावर जातो आणि कच्च्या रस्त्यांच्या चौफुलीवर आडवी येणारी गाडी दिसत नाही. कोल्टर तळ्यावर पोहायला निघाला होता. झालं ते एवढंच.

तेव्हापासून तिला काही वाटेनासं झालं होतं. हे ती कुणाला सांगत नसे, कारण आईला काही वाटत नाही हे बरं दिसत नाही. दफनाच्या वेळी ती रडली नाही, आणि बायका आपल्याकडे चोरून बघतायत हे तिला कळत होतं. दाताच्या डॉक्टरने सुई दिली की गाल आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. डॅरिन, तिचा नवरा, सकाळी धान्याच्या कोठारावर कामाला जायचा, संध्याकाळी यायचा, जेवायचा आणि गॅरेजमध्ये जाऊन बसायचा. चकार शब्द नाही. त्याला कुठल्या तोंडाने विचारणार, आपला मुलगा कुठे उभा राहायचा रे म्हणून? ते तिच्याने होणार नव्हतं.

राहिला एमिल. बायको गेल्यापासून म्हातारा दर मंगळवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा. त्या मंगळवारी डॅरिनला कोठारावर उशीर होणार होता. एमिलच्या ताटात बटाटे वाढता वाढता ती म्हणाली, "पपा, एक विचारू?"

"विचार की. मी काय गव्हर्नर आहे का परवानगी घ्यायला?"

"कोल्टर कुठे उभा राहायचा?"

एमिलचा काटा तोंडापाशी थांबला. "डावा गार्ड."

"ते माहितीये हो. डावा गार्ड म्हणजे कुठे?"

म्हाताऱ्याने काटा खाली ठेवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "चार वर्षांत एक मॅच चुकवली नाहीस तू. बसून काय बघत होतीस, ढग?"

"बॉल उचलायच्या वेळेला मी डोळे मिटायचे."

आता हा वसकन अंगावर येणार, असं तिला वाटलं. एमिल आपल्या खेळाडूंवर ओरडायचा ते म्हणे शेजारच्या गावात ऐकू जायचं. पण त्याने नुसता ताटाचा काठ अंगठ्याने पुसला.

"डोरिस पण मिटायची," तो म्हणाला. डोरिस म्हणजे त्याची बायको. "डॅरिन खेळायचा तेव्हा. मला वाटायचं, बाई प्रार्थना करतेय." मग त्याने ताट बाजूला सारलं. "जा, अकरा भांडी घेऊन ये. आणि चमचे वगैरे नकोत, पुढच्या ओळीत वजनदार माणसं लागतात."

अकरा काय, त्याहून जास्त भांडी कपडे सुकवायच्या मशीनवर रचून ठेवलेली होती. मयताच्या आठवड्यात गावाने त्यांतून जेवण आणून दिलं होतं, नूडल्स, चिकन-भात, चीजखाली बुडवलेले बटाटे. प्रत्येकाच्या तळाला चिकटपट्टीवर घराचं नाव. तिने ती घासूनपुसून ठेवली होती, पण परत द्यायला गेलं की दारात उभं राहून "कशी आहेस?" याला उत्तर द्यावं लागणार, म्हणून ती तिथेच पडून होती.

एमिलने एक जाड काचेचं भांडं टेबलाच्या मधोमध ठेवलं. "हा सेंटर. म्हणजे आपला एफ्राईन. बॉल याच्या हाताखाली. हा पायांमधून मागे बॉल देत नाही तोवर जगात काही सुरू होत नाही." त्याने दोन बाजूंना दोन भांडी लावली. "हे दोन गार्ड. आणि त्यांच्या बाहेर हे दोन टॅकल." डावीकडच्या टोकाचं भांडं उलटं करून त्याने चिकटपट्टी डोळ्यांजवळ नेली. "सेडलाचेक. वा! ब्रॉकच्याच घरचं आलं. तोच आपला डावा टॅकल."

ब्रॉक सेडलाचेक जनेलला काय सांगायला हवा? पहिलीत असल्यापासून त्याने अर्धी जेवणं याच टेबलावर केली होती. जुलैपासून तो इकडे फिरकला नव्हता.

"ही पाच म्हणजे भिंत," एमिल म्हणाला. फुलाफुलांचं एक नाजूक भांडं त्याने मागे ठेवलं. "हा क्वार्टरबॅक. याचा फोटो पेपरात येतो. बाकीचे पळणारे आणि झेलणारे, त्यांचं तू सोड, त्यांच्याकडे बघायला सगळं गाव आहे. भिंतीला कामं दोनच. समोरच्यांना या फुलाफुलांपर्यंत पोचू द्यायचं नाही, नाहीतर पळणाऱ्याला वाट फोडून द्यायची. काम नीट झालं तर कुणाला दिसत नाही. चुकलं की सगळ्यांना दिसतं."

"घरकामासारखं."

"अगदी. फक्त त्याला बँड वाजवत नाहीत." मग दुखवट्याच्या घरात आपण थट्टा केली म्हणून तो चपापला, पण जनेलला त्याचं काही वाटलं नाही, तेव्हा तो पुढे बोलू लागला. "हात जमिनीला टेकला की दगड व्हायचं. नाक खाजलं तरी हलायचं नाही, हललास की पंच शिट्टी फुंकून पिवळा रुमाल टाकतो. आणि दोघांच्या मध्ये दोनच फूट. फट वाढली की समोरचा आत घुसला म्हणून समज. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक गधड्याला मी हे घोटवून घेतलंय, फट दिसली की बुजवा. हॅनिगनला मीच घोटवलं. आता तो या पोरांना घोटवतो."

"आणि कोल्टर काय करायचा?"

एमिलने सेंटरच्या डावीकडचं भांडं बोटाने हलवलं. "त्याची एक खास चाल होती. बॉल उचलला की सगळे पुढे मुसंडी मारतात, हा एकटा मागे सरकायचा. असा." भांडं ओळीतून मागे आलं आणि इतरांच्या पाठीमागून उजवीकडे घासत गेलं. "ओळीच्या मागून धावत पार त्या कोपऱ्याला जायचं, आणि पहिला जो आडवा येईल त्याला उडवायचा. पळणारा याच्या पाठीमागून मोकळा. टाळ्या पळणाऱ्याला. एवढ्या अंगाच्या पोराला ते जमत नाही गं. कोल्टर दरवाजाएवढा रुंद, पण पाय असे उचलायचा की बघत राहावं."

"मला कधीच दिसलं नाही."

"डोळे उघडे असते तरी दिसलं नसतं. सगळं स्टँड बॉलकडे बघतं. बॉलकडे बघशील तर गार्ड तुला जन्मात दिसणार नाही."

त्याने ते भांडं परत जागेवर आणलं, आणि मग उचलून मांडीवर घेतलं. "पहिल्या चालीला हे इथे नसणार. एवढंच बघायचं तुला. आता ऐक. ते उत्तरेकडे निघाले तर त्यांची डावी बाजू आपल्या स्टँडकडे येते, दक्षिणेकडे निघाले तर पलीकडे. पलीकडे गेली तर एवढ्या धिप्पाड पोरांच्या आड काही दिसणार नाही. नाणं कसं पडतं त्यावर सगळं. आणि खाली बसू नकोस, ओळ वरून..."

बोलता बोलता त्याच्या दुसऱ्या हाताने ब्रॉकचं भांडं आत सरकवून सेंटरला भिडवलं होतं. जनेल त्या हाताकडे बघत होती. मग एमिलनेही पाहिलं.

"सवय," तो म्हणाला.

जनेलने भांडं परत बाहेर सरकवलं.

जाताना म्हातारा दारात थांबला. "मला लांबचं दिसत नाही आता. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आणि उजव्यात म्हातारपण. मी तुझ्या शेजारी बसणार. तू बघ आणि मला सांग. एकदाच आहे ते, अर्धं मिनिटसुद्धा नाही. आणि पोरी, तोंडदेखलं सांगू नकोस. दिसली तर दिसली म्हण."

"सांगेन," ती म्हणाली. जुलैनंतर पहिल्यांदा तिच्याकडे करण्यासारखं एक काम आलं होतं, आणि ते चुकेल याची तिला भीती वाटली. भीती वाटतेय याचंच तिला थोडं नवल वाटलं.

टेबलावरची भांडी तिने उचलली नाहीत. रात्री डॅरिन आला, टेबलाकडे बघून थबकला, आणि ताट घेऊन ओट्यापाशी उभ्यानेच जेवला. तिने काही सांगितलं नाही, त्याने काही विचारलं नाही. सकाळी ती उठून आली तेव्हा भांडी जराजरा हललेली होती. सगळ्यांमधलं अंतर अगदी सारखं केलेलं होतं, आणि ब्रॉकचं भांडं आणखी थोडं बाहेर, इतकं की मधल्या जागेत एक भांडं आणि दोन्ही बाजूंना बोट-बोट फट नेमकी बसावी. त्यानंतर रोज दोघंही ओट्यापाशी उभ्यानेच जेवली.

मॅचच्या दिवशी डॅरिन म्हणाला, "मी साखळीवर आहे." इतकी वर्षं तो मैदानाच्या पलीकडच्या कडेला, अंतर मोजायच्या साखळीची काठी धरून उभा राहत आला होता.

"आजसुद्धा?"

"काठी कुणीतरी धरायला हवी ना," तो म्हणाला, आणि नारिंगी जाकीट घेऊन गेला.

शाळेच्या मैदानाबाहेर मिरचीच्या रश्शाचा आणि दालचिनीच्या रोलचा वास सुटला होता. लोक जनेलला वाट देत होते, जरा जास्तच. एमिलला दंडाला धरून ती आपल्या नेहमीच्या जागेवरून पुढे गेली आणि स्टँडच्या दक्षिण टोकाला, वरच्या रांगेत जाऊन बसली. तिथे दरवर्षी बसणारं कुटुंब न बोलता बाजूला सरकलं. या गावात माणूस एक वेळ शेताचा बांध सरकू देईल, पण स्टँडमधली जागा देणार नाही.

"नाणं?" एमिलने विचारलं.

"उडवतायत." ती पुढे वाकली. पंचाने हात फिरवला, कप्तानांना वळवलं. "बॉल आपल्याला. आणि आपण..." तिने मनातल्या मनात भांडी फिरवून पाहिली. "आपण उत्तरेकडे जाणार."

"म्हणजे डावी बाजू?"

"आपल्याकडे."

"शिकलीस."

समोरच्यांनी बॉल लाथाडला, आपल्या पोराने तो झेलला, थोडा पळाला आणि दक्षिण टोकापासून जवळच, जवळपास त्यांच्या समोरच आडवा झाला. मग पोरं मैदानावर आली. स्टँड उठून उभं राहिलं. टोप्या निघाल्या. बँडमधल्या पोरीने ढोलावर हात ठेवून तो गप्प केला. इतकं शांत झालं की झेंड्याची दोरी खांबावर आपटते तीसुद्धा ऐकू येऊ लागली. समोरचा संघ आदराने एका गुडघ्यावर बसला.

पंचाने शिट्टी वाजवून वेळ सुरू केली. दहा पोरं ओळीला आली.

जनेलने आधी सेंटर शोधला. एफ्राईन, बॉलवर हात. त्याच्या डावीकडे बघ, तिने स्वतःला बजावलं. डावीकडे ब्रॉक होता. मध्ये जागा होती, तिला दिसलीच, गवताची एक पट्टी. मग पोरं हात टेकायला वाकली. वाकता वाकता ब्रॉकचा पाय आत सरकला. एफ्राईनचाही, ब्रॉकच्या दिशेने. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी ठरवलं नव्हतं. दोन-तीन वर्षं रोज संध्याकाळी जे घोटवून घेतलं होतं ते पायांनी आपोआप केलं. हात टेकले, आणि भिंत सलग झाली. चार पोरं, एकमेकांना लागून. कुठे काही कमी आहे असं वाटूच नये.

कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लोक छातीवर हात ठेवून, मान खाली घालून उभे होते. रडत होते.

"दिसली का?" एमिल हळूच म्हणाला. त्याचे दुधाळ डोळे भलतीकडेच लागले होते.

हो म्हणायला काहीच लागलं नसतं. ते 'हो' तिच्या जिभेवर तयारच होतं, चार वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं.

"नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"जागा नाहीये, पपा. त्यांनी बुजवली."

म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं. कुणी शिकवलं होतं ते त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याचा हात हवेतच काहीतरी बाहेर सरकवायला गेला.

वेळ संपत चालली होती. आणि जनेलला राग आला. इतके दिवस कुठे होता कोण जाणे, पण आला तो पायांपासून आला. ब्रॉकवर नाही, एमिलवर नाही, त्या मक्यावर, त्या चौफुलीवर, आणि आपला मुलगा जिथे होता ती जागा इतक्या सहज भरून येते यावर.

"ब्रॉक!" ती ओरडली. "ब्रॉक, बाहेर सरक! जागा ठेव त्याला!"

सगळं स्टँड वळलं. मैदानापलीकडे, नारिंगी जाकिटातल्या माणसाच्या हातातली काठी कलली. ब्रॉक हलला नाही. हात टेकलेला होता, आणि हात टेकला की दगड व्हायचं असतं. पण हाच आवाज त्याला लहानपणापासून जेवायला हाक मारत आला होता. त्याच्या शिरस्त्राणाची जाळी किंचित खाली झुकली, जणू तो आपल्या बाजूची जमीन बघत होता. मग त्याने हात उचलला आणि एक मोठं पाऊल बाहेर टाकलं, आणि पुन्हा टेकला. एफ्राईन बॉलसकट हलू शकत नव्हता, पण त्याने आपला डावा पाय मागे ओढून घेतला.

कडेला उभ्या असलेल्या पंचाच्या तोंडात शिट्टी होती. नियमाने ती तेव्हाच वाजायला हवी होती. पंच झेंड्याकडे बघत राहिला.

"आता?" एमिल म्हणाला. त्याने तिचं मनगट धरलं होतं.

"आहे," जनेल म्हणाली. "ब्रॉक आणि एफ्राईनच्या मध्ये. गवत दिसतंय. चुन्याची रेघ पण दिसतेय."

"केवढी आहे?"

ती बघत राहिली.

"कोल्टरएवढी," ती म्हणाली.

मग शिट्टी वाजली, पिवळा रुमाल पडला, समोरच्या कप्तानाने मान हलवून नको म्हटलं. लोक टोप्या घालू लागले. बाकावरून बावन्न नंबरचा एक पोरगा धावत आला, गेल्या वर्षी कनिष्ठ संघात होता तो, आणि ओळीपाशी येऊन कुठे उभं राहावं हे विसरल्यासारखा थांबला. ब्रॉकने त्याची जर्सी पाठीमागून धरली आणि त्याला त्या जागेत ओढून उभं केलं. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट.

"आता मिट हवं तर," एमिल म्हणाला.

तिने नाही मिटले. एफ्राईनच्या हातातून बॉल मागे गेला आणि सगळे पुढे कोसळले, तो आवाज झाला जो ती चार वर्षं अंधारात ऐकत आली होती. बावन्न नंबर पुढे गेला नाही. तो मागे सरकला, वळला, आणि ओळीच्या पाठीमागून उजवीकडे धावत सुटला. पहिली दोन पावलं घसरला. मग सावरला. पार कोपऱ्यापर्यंत गेला, आणि जो पहिला आडवा आला त्याच्यात घुसून त्याला घेऊन आडवा झाला. जनेल त्याच्याकडे बघत राहिली, तो गवतावर पडून होता तेव्हाही, आणि पाय गोळा करून उठला तेव्हाही. आजूबाजूला लोक उड्या मारत होते, बँड सुरू झाला होता, कुणीतरी तिच्या खांद्यावर रस्सा सांडला. हनुवटीवरून थेंब मानेवर आला तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय. बधिर गाल परत यायला लागतो तेव्हा दुखतो, तसं तिला सगळीकडून दुखत होतं.

"मागे सरकला, पपा," ती म्हणाली. "मग असा उजवीकडे. जरा घसरला, पण गेला. कोपऱ्यावरच्याला उडवला. तसंच ना? तसंच करायचा ना तो?"

"तस्संच," एमिल म्हणाला. गोंगाट वाढतच होता. त्याने तिच्या कानाशी तोंड नेलं. "आणि बॉल? बॉल कुठे गेला?"

"काय माहीत," जनेल म्हणाली. "मी नाही बघितला."